सुताचीं अंडीं

2025 च्या चैत्रांत आमच्या घरीं अंडीं आलीं आणि देवघरालगतच्या माजघरांत दोरीला टांगून चार दिवस वाळत होतीं, ही वार्ता आमच्या आप्तवर्गांत कल्पनेपेक्षां पुष्कळ लवकर पसरली. पुण्याहून व नाशिकाहून विचारणा झाली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तर, “मास्तर, नोकरीची मुदत संपली म्हणजे आचाराचीहि संपते काय?” असें स्पष्ट विचारलें. अंडीं आलीं हें खरें, वाळत होतीं हेंहि खरें. मात्र तीं कोंबडीनें घातलेलीं नसून आमच्या सौभाग्यवतीनें क्रोशाच्या सुईनें विणलेलीं होतीं, एवढा तपशील वाटेंत कोठें तरी गळून पडला होता. तो येथें भरून काढावा आणि त्या निमित्तानें ह्या नाजूक विणकामाविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवावे, असा विचार आहे. विणकामाकडे वळण्यापूर्वीं मात्र तें आमच्या घरांत कां शिरलें हें सांगितलें पाहिजे, आणि तें सांगतांना थोडा कमीपणा आम्हांस पत्करावा लागणार आहे.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे 2023 पर्यंत ज्यास सरकारदप्तरीं औरंगाबाद म्हणत, त्या आमच्या शहराच्या छावणी भागांत जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. त्यांतलीं पुष्कळ कुटुंबें आपल्यासारखींच मराठी बोलणारीं. त्यांच्या प्रार्थनेंत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं (1861–1919) भजनें असतात. ह्या वस्तींतील एक परिचारिकाबाई आमच्या ओळखीच्या. 2019 सालीं आमच्या मातोश्रींस अर्धांगवायु झाला व पुढें दोन वर्षें त्या अंथरुणावर होत्या. एका चुलीवर जेवणारीं आम्ही अकरा माणसें. परंतु आजाऱ्याची कूस कशी बदलावी, हें आमच्यापैकीं एकासहि येत नव्हतें. ह्या बाई रात्रपाळी करून सकाळीं आमच्याकडे येत, मातोश्रींचें सर्व करीत, आणि मगच घरीं जाऊन निजत. दोन वर्षांत मातोश्रींच्या पाठीवर एक व्रण उठूं दिला नाहीं. मोबदल्याची गोष्ट काढली तेव्हां “आजींचे पैसे घेऊं का, मास्तर?” एवढेंच म्हणाल्या. तेव्हांपासून दिवाळींत आमच्याकडून त्यांच्याकडे चकल्या-लाडू व नाताळांत त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या, असा परिपाठ पडला.

2022 सालीं 17 एप्रिलला ईस्टर होता. त्या दिवशीं बाईंनीं एक डबी पाठविली. आंत काजू वाटून, साखरेंत घोटून, गुलाबपाण्यानें मळून केलेलीं सहा लहान अंडीं होतीं. हें मार्झिपॅनचें पक्वान्न मुंबई-गोव्याकडे ईस्टरला घरोघर होतें. आमच्या घरची रीत ठाऊक असल्यामुळें बाईंनीं मुद्दाम निरोप दिला होता, “काजूसाखरेचीं आहेत, आंत कांहीं नाहीं.” काजूकतलीचाच तो मालमसाला! तरीहि डबी उघडतांच घरांत जी शांतता पसरली ती सांगण्याजोगी नाहीं. कोणी खाल्लें नाहीं, कोणी नकोहि म्हटलें नाहीं. संध्याकाळीं आम्हींच ती डबी मोलकरणीच्या हातीं दिली. तिच्या मुलाच्या हातांत ती अंडीं बाईंनीं रस्त्यांत पाहिलीं, हें आम्हांस मागाहून कळलें. बाई बोलल्या नाहींत. दिवाळीचा फराळ त्यांनीं पूर्वींप्रमाणेंच हंसतमुखानें घेतला, नाताळाच्या करंज्याहि आल्या. परंतु 2023 च्या ईस्टरला डबी आली नाहीं, 2024 लाहि नाहीं. ज्या हातांनीं आमच्या मातोश्रींचें मलमूत्र काढलें, त्या हातची साखर केवळ तिच्या आकारामुळें आम्हांस चालली नाहीं!

हें आमच्याहून अधिक सौभाग्यवतीस लागलें होतें. 2025 च्या फाल्गुनांत एके दिवशीं ती म्हणाली, “यंदा आपणच त्यांना अंडीं पाठवूं.” आम्ही चमकलों. मग तिनें आपला क्रोशाचा डबा काढला.

अंड्याचा व ईस्टरचा संबंध काय, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. तो समजण्यास आपली कांदेनवमी पुरेशी आहे. चातुर्मासांत कांदा वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीस आपण कांद्याचीं थालीपिठें व भजीं करून आधींच हौस भागवून घेतों. मध्ययुगांत युरोपांतील ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या उपवासांत मांसाबरोबर अंडेंहि वर्ज्य मानीत. कोंबड्यांना मात्र ह्या व्रताची वार्ता नसल्यामुळें त्या अंडीं घालीतच राहत. साठलेलीं अंडीं व्रतसमाप्तीच्या दिवशीं खावीं, वाटावीं, रंगवावीं, अशी सहज चाल पडली. त्यावर पुढें अर्थ चढला: कवच हें थडगें, आंतला जीव म्हणजे येशूचें पुनरुत्थान, आणि पूर्वेकडील पंथांत अंडीं तांबडीं रंगवितात तीं त्याच्या रक्ताची खूण म्हणून. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ह्याच्या 1290 च्या जमाखर्चांत ईस्टरकरितां घेतलेल्या 450 अंड्यांबद्दल 18 पेन्स लिहिलेले आहेत; त्यांतील कित्येकांस सोन्याचा वर्ख लावला होता. युक्रेनमध्यें मेणाची रेघ ओढून अंडें एकामागून एक रंगांत बुडवितात. त्या ‘पिसांका’ कलेची नोंद 2024 मध्यें युनेस्कोनें अमूर्त सांस्कृतिक वारशांत केली. रशियाच्या झारांकरितां फाबेर्जे नांवाच्या जवाहिऱ्यानें 1885 पासून रत्नजडित अंडीं घडविलीं, तीं तर जगप्रसिद्ध आहेत. पोलंडांत, विशेषतः क्रोशाच्या लेसकरितां नांवाजलेल्या कोन्याकूव्ह गांवाकडे, स्त्रिया अंड्याला सुताची जाळीदार खोळ विणतात, किंवा नुसती जाळीच अंड्याच्या आकारांत कडक करून टांगतात. सौभाग्यवतीनें चित्रांत पाहून उचललें तें हेंच.

ह्या सणाची तिथि काढण्याची रीतहि आपणांस परकी वाटूं नये. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढील पहिला रविवार तो ईस्टर. पौर्णिमाच रविवारीं पडली तर त्यापुढचा रविवार. म्हणजे तो पुष्कळदां हनुमानजयंतीच्या मागोमाग येतो, क्वचित् होळीच्या मागोमाग. 2024 सालीं होळीनंतर 31 मार्चला आला. 2025 सालीं हनुमानजयंती शनिवारीं 12 एप्रिलला झाली, त्यांच्या गणिताची पौर्णिमा रविवारीं 13 ला पडली, म्हणून ईस्टर 20 एप्रिलला. ज्यांस आपल्या पंचांगांतील क्षयतिथीचा घोळ निस्तरतां येतो, त्यांनीं ह्या गणितास हंसण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य अडचण आमच्या काकूंची. काकूंचें वय 84, सोवळें कडक, दृष्टि अद्याप तीक्ष्ण. त्यांस न विचारतां माजघरांत कांहीं होत नाहीं. आम्हीं आमच्या संस्कृताची शिदोरी सोडली. म्हटलें, काकू, मनुस्मृतीच्या आरंभींच सोन्याचें अंडें आहे आणि त्यांत स्वतः ब्रह्मदेव आहेत. तें दुभंगून वर द्युलोक व खालीं पृथ्वी झाली. छांदोग्य उपनिषदांत तर त्याचें वर्णन एखाद्या शाळेंतल्या प्रयोगासारखें तपशीलवार आहे: अर्धें कवच रुप्याचें, ती पृथ्वी, अर्धें सोन्याचें, तें आकाश, बाहेरचा पापुद्रा पर्वत, आंतला पापुद्रा मेघ व धुकें, शिरा ह्या नद्या, आणि त्यांतून जन्मलेलें पिलूं म्हणजे हा सूर्य. आपण ज्यास विश्व म्हणतों त्यास ब्रह्मांड म्हणजे ब्रह्माचें अंडेंच म्हणतों. सातारा परिसरांतल्या खंडोबास आपण कुलदैवत मानतों. त्यास मार्तंड म्हणतात, आणि मार्तंड शब्दांत मृत अंडें आहे. अदितीनें टाकून दिलेलें तें आठवें अंडें पुढें सूर्य होऊन उगवलें. थडग्यांतून उठणाऱ्याची कथा आपल्या वेदांतहि आहे, ती अशी. शेवटीं म्हटलें, पक्ष्यास संस्कृतांत द्विज म्हणतात, कारण तो एकदां अंडें म्हणून जन्मतो व एकदां अंड्यांतून. आणि मुंज झाल्यावर आपणहि द्विजच! तेव्हां आपलें व अंड्याचें नातें—

काकूंनीं हात वर करून आम्हांस थांबविलें. त्यांनीं एवढेंच विचारलें, “आंत काय भरणार?” सौभाग्यवती म्हणाली, “कांहींत सावरीचा कापूस, कांहींत वारा.” काकू म्हणाल्या, “मग सोवळ्यांत शिवूं नका म्हणजे झालें. सुताला काय, सूत बाहुलीचेंहि होतें.” आमचें उपनिषद् वायां गेलें.

काकूंचा निर्णय आम्हांस आमच्याच शहरांतील एका वस्त्राची आठवण देऊन गेला. येथें हिमरूप्रमाणें मशरूहि विणीत. पुरुषानें अंगास रेशीम लावूं नये असा इस्लामी धर्मशास्त्राचा निर्बंध. आणि रेशमाची हौस तर दरबारी लोकांस असणारच. विणकरानें ताणा रेशमाचा व बाणा सुताचा घेऊन अशी वीण बसविली कीं, वरून झगझगीत रेशीम दिसावें व अंगाला सूत लागावें. त्या कापडाचें नांवच मशरू, म्हणजे शास्त्रास संमत. आपणहि बळीच्या जागीं कोहळा कापतों, यज्ञांत पिठाचा पशु चालतो कीं नाहीं ह्यावर माध्वांनीं व इतरांनीं पिढ्यान् पिढ्या वाद घातला. कोणी ह्यास पळवाट म्हणेल. आम्हांस ती पळवाट वाटत नाहीं. नियम न मोडतां शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोंचण्याची वाट जो कारागीर काढून देतो, त्याचे उपकार शास्त्र्यांहून अधिक आहेत, असें आमचें मत बनत चाललें आहे.

क्रोशा हा शब्द फ्रेंच. अर्थ लहानसा आंकडा. आज आपण जाणतों ती ही कला फार जुनी नाहीं. हिचे छापील नमुने 1823 पासून एका डच मासिकांत येऊं लागले. 1845 ते 1849 ह्या काळांत आयर्लंडांत बटाट्यावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला, त्यांत ह्या सुईनें पुष्कळ घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या. आपल्याकडे मिशनरी स्त्रियांबरोबर ती आली, मिशनच्या शाळांतून व पुढें पुण्याच्या सेवासदनासारख्या (1909) संस्थांतील शिवणवर्गांमुळें ब्राह्मण घरांतहि स्थिरावली. आमच्या लहानपणीं रेडिओवर क्रोशाचा रुमाल, दारावर क्रोशाचें तोरण, तांब्यावर मणी लावलेली जाळी. क्रोशा नाहीं असें घर दाखवावें लागे. ह्या विणीची एक मौज अशी कीं, ती हुबेहूब काढणारें यंत्र बाजारांत नाहीं. दुकानांत मिळते ती गिरणीची लेस निराळ्या विणीची. म्हणून खऱ्या क्रोशाची वस्तु कोठें अगदीं स्वस्त विकावयास दिसली, तर ती कोणा तरी बाईच्या डोळ्यांवर स्वस्त झालेली आहे हें निश्चित समजावें. आंध्रांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर येथें हजारों स्त्रिया परदेशी मालाकरितां घरबसल्या क्रोशा विणतात. जर्मन विदुषी मारिआ मीस हिनें त्यांच्यावर 1982 सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत तिनें दाखविलें कीं, ह्या बायकांस कोणी कामगार मानीतच नाहीं, ‘घरीं बसून वेळ घालवितात’ असें समजतात, आणि त्या समजुतीवर मधले व्यापारी गबर होतात. 2024 मध्यें त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालें. मानांकनानें मजुरी वाढली तर तें खरें. (आमच्या सौभाग्यवतीनें पंचेचाळीस वर्षें विणलें, तिचा एक तासहि आम्हीं कधीं हिशेबांत धरला नाहीं, हें हा परिच्छेद लिहितांना ध्यानांत आलें.)

आतां कृति. एक कडें करून त्यांत सहा मुके खांब घालावयाचे. दुसऱ्या फेरींत प्रत्येकांत दोन, म्हणजे बारा. तिसरींत अठरा, चौथींत चोवीस, पांचवींत तीस. येथवर सपाट चकती होते. मग न वाढवितां चार-पांच फेऱ्या साध्या घालाव्या, कीं कांठ उभा राहून वाटी होते. हें अंड्याचें रुंद बूड झालें. पुढें टांके कमी करावयाचे, पण एकदम नव्हे: चोवीसवर आणून एक फेरी साधी, अठरावर आणून दोन फेऱ्या साध्या, मग बारा, मग सहा. चढतांना घाई व उतरतांना सावकाशी, म्हणूनच एक बाजू रुंद व दुसरी निमुळती होते. दोन्हीकडे सारखेंच केलें तर लिंबू होतें. तोंड मिटण्यापूर्वीं सावरीचा कापूस भरावा, तोहि ठांसून नव्हे.

दर फेरीस सहाच टांके कां वाढवावयाचे, असें आम्हीं विचारलें, सौभाग्यवती म्हणाली, “सहाच वाढवतात.” जन्मभर गणित शिकविलेल्या माणसास हें उत्तर पुरेना. रात्रीं कागद घेऊन बसलों आणि उलगडा झाला. एक फेरी म्हणजे त्रिज्येंत एका टांक्याच्या उंचीची भर. त्रिज्या एकानें वाढली कीं परीघ दोन पाय म्हणजे 6.28 नें वाढतो. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद, म्हणून सहा! उंच खांबाची चकती केली तर बारा लागतात, कारण त्याची उंची साधारण दुप्पट. सहाहून कमी वाढवा, वाटी होते. अधिक वाढवा, कांठाला झालर सुटते. ह्या झालरीचेंच डेना टायमिना ह्या गणितज्ञ बाईनें 1997 सालीं अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत सोनें केलें. ज्या पृष्ठावर दिलेल्या बिंदूतून एका रेषेस अनेक समांतर रेषा निघतात, तें पृष्ठ विद्यार्थ्यांस कागदावर नीट दाखवितां येत नसे. तें तिनें क्रोशानें विणून त्यांच्या हातांत दिलें. आम्हीं छत्तीस वर्षें फळ्यावर वर्तुळें काढलीं आणि π चा असा प्रत्यक्ष पुरावा आमच्याच माजघरांत विणला जात होता, त्याकडे कधीं पाहिलें नाहीं.

जाळीच्या अंड्याची तऱ्हा निराळी. त्यांत टांके विरळ, मधून मधून साखळ्यांच्या कमानी. दोन अर्धीं विणून एका लहान फुग्यावर जोडावयाचीं, मग खळ लावून वाळवावयाचें, आणि वाळल्यावर फुगा फोडून अलगद ओढून घ्यावयाचा. खळीकरितां साखर व पाणी समभाग उकळून घ्यावें असें सौभाग्यवतीनें कोठें वाचलें होतें. त्याप्रमाणें केलें, सात अंडीं दोरीला टांगलीं. मराठवाड्याचा चैत्र तो. दुपारपर्यंत खडखडीत वाळलीं. दुसरे दिवशीं सकाळीं पाहतों तों दोरीवरून मुंग्यांची वारी चाललेली आणि दोन अंडीं काळींभोर! काकूंनीं तीं पाहून इतकेंच म्हटलें, “पाकांत सूत कोण बुडवतें? आम्ही लुगड्यांना कांजी करीत होतों ती काय वाईट?” मग त्यांनींच भाताची पेज काढवून, गाळून, घट्ट करून दिली. सर्व अंडीं कोमट पाण्यांत धुऊन साखर काढली, पुन्हा नव्या फुग्यांवर चढवून पेज लाविली. ह्या कांजीनें साखरेइतकी चकाकी येत नाहीं. पण मुंगी फिरकत नाहीं. नव्यानें करणाऱ्या भगिनींनीं आमचा अनुभव जमेस धरावा.

एकंदर बारा अंडीं झालीं: सात जाळीचीं पांढरीं, पांच भरीव तांबडीं. एका भरीव अंड्यास सुमारें अडीच तास लागले, जाळीच्यास त्याहून अधिक. शेवटच्या तांबड्या अंड्याचें टोंक मिटेना; सौभाग्यवतीच्या चष्म्यास तें घर दिसेना. तेव्हां काकूंनीं हात पुढें केला, सुई घेतली, आणि चाळीस वर्षांत क्रोशा हातीं न धरलेल्या त्या बोटांनीं तें टोंक असें मिटलें कीं, आरंभ कोठला व शेवट कोठला तें कळूं नये. मग त्यांनीं हात धुतले.

20 एप्रिलला दुपारीं चारच्या सुमारास आम्ही उभयतां छावणींत गेलों. बाई नुकत्याच चर्चमधील मंडळींस चहा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. आमच्या हातची डबी पाहून त्या किंचित् थबकल्या. उघडली, एक पांढरें अंडें काढून उजेडाकडे धरलें, जाळींतून पलीकडे पाहिलें. मग एक तांबडें उचलून, बाजारांत अंडें पारखतात तसें कानापाशीं नेऊन हलविलें आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “आंत कांहीं नाहीं ना, मास्तर?”

आम्हांस बोलतां आलें नाहीं. सौभाग्यवती म्हणाली, “कापूस आहे बाई, आणि दोन वर्षांची लाज.” बाई मोठ्यानें हंसल्या, आंत गेल्या, आणि बशींत काजूचीं चार अंडीं घेऊन आल्या. आम्हीं दोन खाल्लीं. गोडी थोडी अधिक होती. परंतु तें सांगण्याची ती वेळ नव्हती.

निघतांना बाईंनीं काकूंकरितां निराळी डबी बांधून दिली. ती घरीं आणून आम्हीं काकूंपुढें ठेविली आणि कोणाची तें सांगितलें. काकूंनीं ती उघडली नाहीं. सायंकाळीं मोलकरीण भांडीं घासून निघाली तेव्हां आमच्या धाकट्या सुनेनें त्या डबीकडे हात केला; काकू म्हणाल्या, “राहूं दे तिथें.” डबी त्यांच्या फडताळांत अजून आहे.